आमच्या दुकानाची घडी

४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, रागावणं सोडा. मी म्हटलं, मी रागावतच नाही. हे मी जरा मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाहेर बसलेले दोन पेशंट आत डोकावले. मग डॉक्टर म्हणाले, लोकांना जे जे ऐकवावंसं वाटतं ते रोज संध्याकाळी लिहून काढत जा, रक्तदाबाला बरं असतं. ही शेजारीच बसली होती. म्हणाली, "आणि आम्हालाही." तेव्हा आजपासून लिहायचं ठरवलं आहे.

सगळं सुरू झालं रविवारच्या सभेपासून. आमच्या रहिवासी मंडळाची सभा होती. विषय बाहेरच्यांचा, म्हणजे सीमेपलीकडून कागदपत्रांशिवाय येऊन राहिलेल्यांचा. मी उभा राहून बोललो. म्हटलं, या, पोट भरा, माझी ना नाही; पण राहायचं तर आमच्यासारखं राहा. आमच्यासारखं बोला, आमच्यासारखं वागा, चार घरांत मिसळा. आपापला घोळका करून राहणार असाल तर आलात तसे परत जा. टाळ्या पडल्या. कुठे थांबावं हे मला कळत नाही, म्हणून आणखी बराच वेळ बोललो आणि घरी येताना जिन्यात चक्कर आली.

७ फेब्रुवारी

दुकानाविषयी लिहून ठेवतो. लाँड्री वडिलांची. पुढे काउंटर, तिथे ही बसते आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलते, कारण ते काम माझ्याकडून काढून घेतलेलं आहे. मध्ये इस्त्रीची दोन टेबलं. मागे मशीन, त्यामागे अंगण, अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि कडेला एक खोली. त्या खोलीत ताई राहते. दुसरं टेबल तिचं.

ताई आली त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. कुठली म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ती तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "वरच्या खेड्यांकडची आहे." वरची खेडी म्हणजे आपलीच, साधी आणि कष्टाळू माणसं. बघताक्षणी कळतं. ताईचं बोलणं म्हणजे हो, नाही आणि झालं. आजकाल अशी बाई शोधून सापडायची नाही. मी सभेत सुद्धा म्हणालो, नाव न घेता, की संस्कार बघायचे असतील तर माझ्या दुकानात या.

देवभक्तही आहे. रोज दुपारी वाळत घातलेल्या चादरींच्या आड जाऊन उभी राहते आणि कितीतरी वेळ पुटपुटते. मंत्र असावेत. मधूनच हसतेही. देवाशी हसून बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मी त्या वेळी मागे जात नाही.

१० फेब्रुवारी

आज एक गिऱ्हाईक गावाच्या दुसऱ्या टोकाहून शर्ट घेऊन आलं. का, तर आमच्या घडीसाठी.

वडील शर्टाच्या बाह्या मागे टाकायचे आणि पुठ्ठ्याभोवती घडी करायचे. सगळेच तशी करतात. ताई आली आणि तिने बाह्या पुढे घेतल्या. शर्ट उताणा ठेवायचा, डावी बाही छातीवर, तिच्यावर उजवी, आणि मग खालचा अर्धा भाग वर दुमडायचा, म्हणजे बाह्या आत. बाह्या छातीवर घेतल्या की हात बांधून बसलेल्या माणसासारखा दिसतो शर्ट. पण बॅगेत आठवडाभर ठेवा, कफाला चुणी पडणार नाही. आता मीही तशीच करतो. फक्त माझा हात उजव्या बाहीकडे आधी जातो. ताई बोलत नाही. आपल्या टेबलावरून हात लांब करते, बाही सोडवते, डावी आधी घेते आणि शर्ट माझ्यापुढे सरकवते. दिवसातून दहा वेळा तरी हे होतं. या वयात नवा हात वळत नाही.

वरच्या खेड्यांत आपल्या जुन्या लोकांच्या अशा कितीतरी गोष्टी टिकून आहेत. आपण शहरवाल्यांनी घालवल्या.

१३ फेब्रुवारी

अध्यक्ष कोट घेऊन आले होते. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अधिकारी, कोटाशिवाय सभेला येत नाहीत. म्हणाले, आता सरकारी तपासणी होणार आहे, गल्लीगल्लीतून, दुकानं आणि मागच्या खोल्यासुद्धा. लोक कुरकुर करणार. तेव्हा एखाद्या प्रतिष्ठित माणसाने पुढे होऊन म्हणावं, की आधी माझं दुकान तपासा.

प्रतिष्ठित म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हणालो. ज्याला लपवायचं काही नाही त्याने मागे का राहावं?

आत जाऊन दोघींना सांगितलं. ताईच्या टेबलाकडून वास आला म्हणून बघितलं तर इस्त्री कॉलरवर तशीच राहिलेली. इतक्या वर्षांत तिच्या हातून पहिला कपडा जळला. इस्त्रीचा थर्मोस्टॅट गेला असणार. उद्या दुरुस्तीवाल्याला बोलावतो. मी तिला एका शब्दाने बोललो नाही, डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

१६ फेब्रुवारी

दुरुस्तीवाला म्हणतो इस्त्रीत काही बिघाड नाही. आजकाल कुणाला कामच येत नाही.

हिचा माझ्याशी अबोला आहे. गुडघे दुखत असतील. विचारलं तर म्हणाली, "गुडघे बरे आहेत."

२० फेब्रुवारी

ताईने सुट्टी मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकी तपासणीच्या दिवसाची. मी म्हटलं, भलतंच काय, त्या दिवशी तर तू हवीसच. तपासणीचे साहेब मागची खोली बघणार, आणि तूच नसलीस तर मी काय सांगू? संशय नाही का येणार?

हीसुद्धा मध्ये पडली. "जाऊ द्या की तिला चार दिवस. माझ्या बहिणीकडे पाठवते." हिच्या बहिणीकडे आमच्या ताईचं काय काम? मी दोघींना खाली बसवून समजावलं. म्हटलं, लाजू नकोस, साहेब काही वाघ नाहीत. दाखवायला माझ्याकडे आहे काय, तर तूच. ताईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "हो काका." शहाणी बाई आहे, समजावलं की ऐकते.

२६ फेब्रुवारी

एक कल्पना सुचली. दर्शनी काचेत लाल कापड अंथरलं, त्यावर ताईने घडी घातलेला पांढरा शर्ट ठेवला आणि खाली पाटी लावली: आमची घडी, आपली परंपरा. अक्षर माझंच. साहेबांना आल्या आल्या दिसलं पाहिजे की हे कुणाचं दुकान आहे. अध्यक्ष रस्त्यावरून जाताना थांबले आणि मान डोलावली.

हिने पाटी वाचली आणि आत निघून गेली. ताईनेही वाचली. तिला हसू आल्यासारखं वाटलं, पण ती लगेच कामाला लागली.

३ मार्च

आजचं आजच लिहून काढतो.

साहेब अकराच्या सुमारास आले. पडशाने बेजार झालेला, हळू बोलणारा माणूस. बरोबर अध्यक्ष. मी हात जोडून दारात उभा होतो. साहेब लगेच आत आलेच नाहीत. काचेपुढे थांबले, पाटी वाचली, शर्टाकडे बघत राहिले. मग रुमालाने नाक पुसून म्हणाले, "ही घडी कुणाची?"

मी म्हटलं, "आमच्या दुकानाची."

"ते वाचलं मी. घालतं कोण?" आणि मग अगदी सहज म्हणाले, "पलीकडून येतात ना, त्यांच्या बॅगा रोज उघडतो मी. सगळ्यांचे शर्ट असेच असतात. तिकडे घरोघर अशीच घडी घालतात. इकडे कुणी घालताना मी पाहिलं नाही."

मी मागे वळून पाहिलं. ही काउंटरची कड धरून उभी होती. ताई इस्त्री खाली ठेवून भिंतीकडे बघत होती. चादरी, हसू, मंत्र, जळलेली कॉलर, मागितलेली सुट्टी, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. मी इतका मूर्ख कसा, असं वाटायलाही वेळ नव्हता.

मी म्हटलं, "माझी आहे. मी घालतो. वडिलांनी शिकवली."

मी खोटं बोलतो तेव्हा आवाज बारीक होतो, असं ही म्हणते. आज झाला नाही. साहेब आत आले, ढिगातला एक शर्ट उचलून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "घाला बघू."

मी शर्ट उताणा पसरला, बटणं लावली, सुरकुती काढली. सगळं नीट. आणि उजवी बाही छातीवर घेतली.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून हात आला. रोज येतो तसाच. बाही सोडवली, डावी आधी घेतली, तिच्यावर उजवी, आणि शर्ट माझ्यापुढे सरकवला. आपण काय केलं ते तिला शर्ट सरकवल्यावर कळलं. तिने हात मागे घेतला आणि साडीला पुसला, ओला नव्हता तरी.

अध्यक्ष छताकडे बघायला लागले.

साहेब म्हणाले, "बाई, तुमचं गाव कोणतं?" ही सवयीने पुढे झाली, "वरच्या खेड्यां..." साहेबांनी हात वर केला. "त्यांना बोलू द्या."

आणि ताई बोलली. पलीकडच्या गावाचं नाव सांगितलं. नवरा वारला, मुलगा आणि आई तिकडे आहेत, इथे कशी आली, कागद का मिळाले नाहीत, सगळं सांगितलं. सूर वेगळाच, आपला नव्हे. आवाजही मी समजत होतो त्यापेक्षा जाड. मी तिला एका दमात एवढं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. शेवटी म्हणाली, "काकांना माहीत नव्हतं. खरंच नव्हतं." साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "ते दिसतंच आहे."

तिला आज नेलं नाही. कचेरीत हजर राहायला सांगितलं आहे. तोवर ती कुठे जाणार नाही याची हमी मी दिली. साहेब गेल्यावर मी काचेतली पाटी काढून फाडली.

४ मार्च

हिला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सभेत बोलता," ही म्हणाली.

मी ताईला वाचवू शकलो असतो. काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. किंवा सुट्टी द्यायची होती. तिला हिच्या बहिणीकडे जाऊ द्यायचं होतं, आणि मी तिला खाली बसवून समजावलं. हे मनातून जात नाही.

७ मार्च

अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, तुमची साहेब लोकांत ओळख आहे, एक शब्द टाका. ही बाई आपल्यासारखीच राहते हो. आपल्यासारखी बोलते, म्हणजे बोलतच नाही, पण राहते तर आपल्यासारखी. गल्लीत कुणाला चार-पाच वर्षांत संशय आला नाही. मी सभेत काय म्हणालो होतो? मिसळा. ही मिसळली आहे.

अध्यक्ष म्हणाले, "तेच तर वाईट. वेगळे राहतात ते निदान ओळखू येतात. ही तर आपल्या नाकाखाली आपल्यातलीच होऊन राहिली. याला फसवणूक म्हणतात."

मी उठून आलो. वेगळे राहिले तर मिसळत नाहीत, मिसळले तर फसवतात, मग त्यांनी करायचं तरी काय, हे मला अर्ध्या रस्त्यात सुचलं. तिथेच सुचलं असतं तर बरं झालं असतं. परत जाणार होतो, पण रक्तदाब आठवला. त्यांचा कोट इस्त्री न करता तसाच परत पाठवला.

१५ मार्च

कचेरीत गेलो, तिघंही. बाकावर बरीच माणसं बसली होती. पंखा होता, पण तो साहेबांच्या बाजूला.

मला विचारलं, ही बाई इथल्या समाजाशी समरस झाली आहे असं तुम्ही सांगाल का? मी चार दिवस भाषण पाठ करत होतो. हो, म्हणायचं होतं. उदाहरणं तयार होती: आमच्यासारखा पोशाख, आमच्यासारखा चहा, कधी उलट शब्द नाही. बोलायला लागलो आणि मध्येच मला वाटलं, हे सगळं मला हवं होतं ते आहे, तिच्याविषयी यात काहीच नाही. ताईला काय आवडतं हे विचारलं असतं तर मला एक गोष्ट सांगता आली नसती. तरी मी सगळं बोललो. नेहमीसारखं जास्तच बोललो. साहेब सौम्यपणे म्हणाले, "काका, तुमचं मन चांगलं आहे. पण नियम तुमच्या मनावर चालत नाहीत."

महिनाअखेरीला तिला परत जायचं आहे. तिकडून अर्ज करता येईल. किती वर्षं लागतात हे कुणी सांगत नाही.

ही रस्त्यातच रडली. ताईने तिचा हात धरून तिला रस्ता ओलांडून आणलं.

१८ मार्च

ताई कामावर आली. मी म्हटलं, राहू दे आता. ती म्हणाली, "बसून काय करू? तुम्ही कपडे जाळाल."

मी इस्त्रीच खाली ठेवली. ताई माझी चेष्टा करत होती.

मग थांबलीच नाही. दिवसभर बोलत होती. लपवायला काही उरलं नाही म्हणून बांध फुटला बहुतेक. आमचा चहा तिला पहिल्या दिवसापासून आवडत नाही. साखरेचं पाणी आहे म्हणे. सगळे पितात म्हणून प्यायली, रोज दोनदा. कोपऱ्यावरचा वाणी चालतो कसा, याची नक्कल केली तेव्हा ही हसता हसता खाली बसली. माझीही नक्कल करते. सभेतली. माझं भाषण तिने कुठे ऐकलं? "काका, इतक्या मोठ्याने बोलता, अंगणात ऐकू येतं. तुम्ही इथे दुकानात तालीम करत होतात."

ते भाषण इस्त्री करता करता ती ऐकत होती. मी कान धरले. ती म्हणाली, "भाषण चांगलं होतं, फक्त लांब."

२२ मार्च

दुपारी ती चादरींकडे निघाली, तर ही म्हणाली, "आता कशाला तिकडे? इथेच बोल." ताईने फोन काउंटरवर ठेवला आणि तिच्या मुलाशी सगळ्यांसमोर बोलली. एक शब्द कळला नाही. पण कुठे रागावली, कुठे लाड केले, कुठे खोटं बोलली ते सगळं कळलं. मग फोन माझ्याकडे दिला. मुलगा माझ्याशी काहीतरी बोलला आणि मी हो हो म्हणालो. ताई म्हणाली, "तुम्ही त्याला सायकल कबूल केलीत." ही थट्टा होती की खरं, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

तिला मोठ्याने बोलायला आवडतं. हिंदोळा घेतल्यासारखं बोलते, खाली येते, वर जाते. गिऱ्हाइकं थबकून बघतात. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, ही नवी बाई कोण? मी म्हटलं, तीच.

२५ मार्च

दिवस फार लवकर चालले आहेत. आज तिने विचारलं, "काका, तुम्ही मला कधी काही विचारलं का नाहीत?" रागाने नव्हे, सहज. मी म्हटलं, तू शांत होतीस म्हणून. ती म्हणाली, "मी कुठली शांत? माझी आई म्हणते, हिच्या तोंडाला कुलूप लावा." आणि पुन्हा हसली. मला हसता आलं नाही. ज्या गुणासाठी मी तिला सगळ्यांत जास्त मानत होतो, ती तिची भीती होती.

३० मार्च

बस सकाळची होती. हिने एवढं बांधून दिलं की बॅग बंद होईना. ताईने सगळं काढून पुन्हा भरलं आणि बंद केली. हिच्या गळ्यात पडून बराच वेळ तिच्या भाषेत काही बोलत राहिली. हिला ती भाषा येत नाही, तरी ही प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती.

मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. म्हटलं एवढंच, पोचलीस की फोन कर. ती खिडकीतून म्हणाली, "रक्तदाब सांभाळा. सभेला जाऊ नका." बस निघाल्यावरही ती खिडकीतून बोलत होती, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

३ एप्रिल

पोचली. हिच्याशी बोलली. मी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होतो, हाक ऐकून येईपर्यंत फोन संपला होता.

८ एप्रिल

ताईच्या टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवतो आता. अर्ज आला की नाही, हे कचेरीत विचारत राहायचं आहे. ही रोज एकदा मला विचारते, मीही हिला विचारतो, उत्तर दोघांनाही ठाऊक नाही.

आज शेजारच्या गल्लीतले मास्तर शर्ट न्यायला आले. गेल्या महिन्यात ते गावाला होते. ताईच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "त्या बाईंचं कळलं. वाईट झालं. फार शांत होती हो बिचारी."

मी हो म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हटलं, "नाही मास्तर. फार बडबडी होती. मला पुरतं ऐकायला मिळालं नाही."

मास्तरांना काही उमगलं नाही. शर्ट घेऊन ते गेले, आणि मी पुढचा कपडा घेतला.